वायतुऱ्याची डबकी : पठारावरच्या मोजणीच्या नोंदी

काम असं : गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वायतुऱ्याचं पान नीट भरायचं. जुन्या प्रतीत एकच ओळ होती, 'वायतुरा, पठारावर आढळतो.' किती, कुठे, कशात, कशामुळे जातो, काहीच नाही.

वायतुरा म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस. नावातच सातारा आहे. विज्ञानाच्या दप्तरी नोंद झाली १९८२ साली. पावसाळी डबक्यात कंदापासून उगवतो, पाण्यावर दुभंगलेला गुलाबीसर तुरा काढतो आणि पाणी आटलं की पुन्हा जमिनीत जाऊन बसतो. उत्तर सह्याद्रीतल्या जांभ्याच्या पठारांपलीकडे जगात कुठे सापडत नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जिवांच्या यादीत, संकटग्रस्त.

मंडळी : ही नोंदवही ठेवणाऱ्या गावच्या जैवविविधता समितीतले आबा (जन्म म्हसरं राखण्यात गेला), बचत गटाच्या ताई, कॉलेजातली दोन मुलं आणि मी. पठार कास परिसरातलं आहे, पण गावाचं नाव आणि डबक्यांचे अक्षांश-रेखांश इथे देणार नाही. ते समितीच्या वहीत आहेत आणि तिथेच राहतील. तुमच्याकडच्या दुर्मीळ वनस्पतीचंही असंच करा.

३० जून २०२४

ठरवलं होतं की पठारावर वीस-वीस मीटरवर सरळ रेषा धरून चालायचं आणि वाटेत येणारं प्रत्येक डबकं टिपायचं. कागदावर छान दिसतं. पठारावर धुकं इतकं होतं की पुढचा माणूस दिसेना. त्यात जोराची सर आली की सगळा कातळच वाहायला लागतो, मग डबकं कुठलं आणि वाहतं पाणी कुठलं, हे कळत नाही.

दुपारी पाऊस थांबला. आडोशाला बसून राहिलो. तासाभरात वाहतं पाणी निघून गेलं आणि साचलेलं तेवढं उरलं. तोच नियम केला : पाऊस थांबल्यावर तासाभराने ज्यात पाणी आहे ते डबकं, बाकीचं नुसतं ओलं.

रेषा सोडून दिल्या. आबा म्हणाले, "म्हसरं जितं बसत्यात तितं पानी ऱ्हातं. माझ्या मागनं या." गेलो. मोठी डबकी पटापट मिळाली, पण त्यांत वायतुरा जवळजवळ नाही. तो होता म्हैस बसू शकणार नाही अशा उथळ, खडीच्या, वीतभर पाण्याच्या खोलगटांत. ती आबांच्या हिशेबात नव्हती. त्यांना त्यांचा कधी उपयोगच पडला नाही. मोठं डबकं आबांनी दाखवायचं आणि त्याच्याभोवती दोघांनी गोल फिरून बारीक डबकी शोधायची, असं शेवटी ठरलं.

७ जुलै २०२४

मोजणीसाठी अर्ध्या मीटरची चौकट पीव्हीसी पाइपची केली होती. हलकी आणि स्वस्त. पाण्यात ठेवली तर तरंगली आणि वाऱ्याने डबक्याच्या दुसऱ्या काठाला गेली. पाइपला भोकं पाडली, तर बुडाली, पण अर्धीच. एक बाजू वर, एक खाली. जाड पाइपखाली पानं चेंगरतात ते वेगळंच.

गावातल्या वेल्डरकडून सहा मिलिमीटर सळईची चौकट करून घेतली, ३५० रुपये. तीनच बाजूंची. चौथी बाजू मोकळी ठेवली, की चौकट पानांवरून न टाकता बुडख्याशी सरकवून घालता येते. चौथ्या बाजूला सुतळी ताणायची. एवढ्या साध्या गोष्टीत पूर्ण रविवार गेला.

दुसरी अडचण पानांची. आत्ता तुरे नाहीत, पट्टीसारखी लांब पानं पाण्यात आडवी पडलेली आहेत. डबक्यात गवताची पानंही तशीच तरंगतात. मुलांनी एका डबक्यात वायतुरा म्हणून जे मोजलं त्यातलं बरंच गवत निघालं. त्या दिवसाचे आकडे खोडले. तुरा आल्याशिवाय मोजायचं नाही, असं ठरलं. ज्यांना कासच्या फुलांच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबरात, हे काम उरकायचं आहे त्यांनी लक्षात घ्यावं : वायतुऱ्याची खरी वेळ त्याच्या आधीची आहे. सोनकी-तेरडा बघायला गर्दी होते तोवर याचं बरंचसं आटोपलेलं असतं.

१४ जुलै २०२४

तुरे आले. आता खरी गंमत. यात नर वेगळा, मादी वेगळी. नराच्या तुऱ्यावर पुंकेसर दिसतात, मादीच्या तुऱ्यावर नुसते हिरवट बीजकोश. दहापट भिंग लागतं आणि पावसात भिंगावर वाफ धरते. ताईंनी पदराच्या आत भिंग ठेवून ते कोरडं राखलं, मी मात्र दर दोन मिनिटांनी शर्टाला पुसत होतो.

तक्त्यात तीन रकाने केले : नर, मादी, नुसती पानं. तिसरा रकाना सगळ्यात लांब भरला. पण तो ठेवलाच पाहिजे, नाहीतर आपण फक्त फुलणारी रोपं मोजतो आणि डबकं रिकामं आहे असं समजतो.

चौथ्या नंबरच्या डबक्यात तुऱ्यांची नुसती दाटी. बघणारा म्हणेल, काय धोका आहे याला? भिंग लावलं तर सगळे नर. त्या डबक्यात स्वतःचं बी धरणार नाही. शेजारच्या, चार पावलांवरच्या पाचव्यात मोजक्या माद्या. ही दोन डबकी वेगळी मोजली तर आकडा फसवतो, एकत्र धरली तर अर्थ लागतो. तेव्हापासून कीटक सहज उडून जाईल इतक्या जवळच्या डबक्यांना एक गट मानून नोंद करतो. ही मर्यादा आम्ही दहा पावलांची धरली. ती अंदाजाची आहे, तिच्यामागे कसला अभ्यास नाही.

आणखी एक कबूल केलं पाहिजे. एका झुबक्यातली पानं एका कंदाची की तिघांची, हे उपटल्याशिवाय कळत नाही. उपटणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. म्हणून आम्ही 'रोपं' लिहीत नाही, 'झुबके' लिहितो. एकूण बेरीज या नोंदींत मुद्दाम दिलेली नाही. ती एकदा छापली की लोक तिला रोपांची संख्या म्हणून वापरतात.

२८ जुलै २०२४

काम शून्य. २५ तारखेच्या त्या पावसात पुण्यात घरांत पाणी शिरलं, इकडे घाटरस्त्यावर माती आली होती. गाडी अर्ध्यातून वळवली.

घरी बसून आधीचे तक्ते उघडले, तर जेल पेनने लिहिलेले दोन कागद निळे डाग होऊन बसले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद पावसाने नाही, आतल्या घामाने भिजतो. पुढे नुसती शिसपेन्सिल आणि प्रत्येक तक्त्याचा जागेवरच फोटो. जलरोधक कागदाची वही मिळते, पण महाग पडते. शिसपेन्सिलीने साध्या कागदावरही काम भागतं, फक्त ओला कागद खोडायला जाऊ नका, फाटतो.

११ ऑगस्ट २०२४

नकाशा. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या पठारावर चांगलं चालतं असं वाटलं होतं. चालतं, पण चार-पाच मीटर इकडेतिकडे. आमची डबकी एकमेकांपासून दोन पावलांवर. घरी येऊन बिंदू टाकले तर सहावं डबकं सातव्याच्या डोक्यावर.

उपाय जुनाच. पठारावर न हलणारे दोन मोठे दगड धरले आणि तीस मीटरच्या टेपने दोन्हींपासून प्रत्येक डबक्याचं अंतर घेतलं. दोन अंतरांची दोन वर्तुळं जिथे छेदतात तिथे डबकं. ती दोन ठिकाणी छेदतात, म्हणून दगडांच्या कुठल्या बाजूला ते लिहून ठेवायचं. कॉलेजच्या मुलांना हे कंपासने करायला मजा आली. जीपीएस आता फक्त त्या दोन दगडांपुरतं.

खुणेसाठी डबक्यांच्या काठी बांबूच्या काड्यांवर लाल फडकी लावली होती. आज बघतो तर निम्मी गायब आणि जी उरली तिथे काठ तुडवलेला. झेंडा दिसला की माणूस 'इथे काय आहे' बघायला जातोच, मग फोटो काढायला खाली बसतो. सातव्या डबक्याचा काठ तर पार चिखल झाला. सगळी फडकी काढली. कातळावर ऑइलपेंटने नंबर टाकायची सूचना होती, ती मी मानली नाही. पठार ही काय भिंत आहे? अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे बोटभर तुकडे करून त्यावर खिळ्याने नंबर कोरले आणि ठरलेल्या बाजूच्या दगडाखाली ठेवले. गुराखी पोरं दगड हलवतात, काही पत्रे जातात, पण टेपची अंतरं वहीत आहेत म्हणून अडत नाही.

१ सप्टेंबर २०२४

कासला रोज ठरावीक पर्यटकांनाच प्रवेश आहे आणि नोंदणी ऑनलाइन. ज्यांना तिथे जागा मिळत नाही ते आजूबाजूच्या पठारांवर गाड्या घालतात. आमच्याकडे आज तेच चित्र.

या नोंदींतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला आज कळली. आम्ही तुडवल्या गेलेल्या रोपांकडे बघत होतो. आबा मात्र चाकोरीकडे बघत होते. अकराव्या डबक्याच्या कडेवरून एक चारचाकी गेली होती. रोपांना धक्का नाही, एकही तुरा मोडलेला नाही. पण डबक्याची कड म्हणजे तरी काय, दोन-चार बोटं जाडीची खडी-माती आणि तिला धरून ठेवणारी गवताची मुळं. चाकाने तिच्यात खाच पडली आणि पाणी त्या चाकोरीतून उताराला लागलं. आमच्या डोळ्यांदेखत डबकं अर्धं झालं. फळं धरायच्या वेळी.

"बशीला टवका गेला की च्या ऱ्हातो व्हय तीत?" आबा म्हणाले.

तक्त्यात नवा रकाना : 'कड शाबूत आहे का?' पुढे हा रकाना झुबक्यांच्या संख्येपेक्षा जास्त उपयोगी पडला.

१८ ऑक्टोबर २०२४

डबकी आटली. आता कागदं.

पठार कुणाचं हे बघायला सातबारे काढले. काही भाग वनखात्याचा, काही गायरान, काही मालकीचा. मालकीच्या उताऱ्यावर डबक्यांची जमीन 'पोटखराब' म्हणून लागलेली आहे. म्हणजे पीक येत नाही अशी. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर खोटं काही नाही, त्यावर नाचणीही होणार नाही. पण पोटखराबावर मुरूम टाकला तर कुणाचं काही बिघडलं असं कागदावर कुठेच दिसत नाही.

पाणथळ जागांच्या सरकारी नोंदीतही हीच गत. उपग्रहावरून केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंचात सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान जागा नुसत्या बिंदूने दाखवल्या आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ज्या दोन लाखांवर पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलं त्या सव्वादोन हेक्टरहून मोठ्या. आमचं सगळ्यात मोठं वायतुऱ्याचं डबकं घराच्या ओसरीएवढं. तेही वर्षातले सात-आठ महिने कोरडं.

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी लाल यादीचे निकष लावून बघितले. थोडक्यात लिहितो, कारण बाकीच्यांनाही हा मोह होईल.

वनस्पती किती जागेवर आहे हे मोजताना आययूसीएन दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकोनांची जाळी वापरते. ज्या चौकोनात वनस्पती आहे तो पूर्ण चार चौरस किलोमीटर धरायचा. अशी जागा ५०० चौरस किलोमीटरहून कमी भरली तर धोक्याच्या तीन पायऱ्यांतली मधली, म्हणजे 'संकटग्रस्त', १० हून कमी भरली तर सर्वांत गंभीर पायरी. शिवाय नुसती जागा कमी असून भागत नाही. ठिकाणं मोजकी असणं किंवा तुटक वस्ती, सतत घट आणि टोकाची चढउतार, या तिन्हींपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात.

आमची सगळी डबकी नकाशावर टाकली. सगळीच्या सगळी एका चौकोनात. म्हणजे उद्या यातली निम्मी बुजली तरी जाळीवर चार चौरस किलोमीटर कायमच. यादीत 'ठिकाण'ही डबक्यावर नाही, धोक्यावर ठरतं. एकाच रस्त्याने सगळ्यांवर एकदम परिणाम होणार असेल तर अख्खं पठार मिळून एकच ठिकाण.

मुलं हिरमुसली. मला उलट बरं वाटलं. जगाची यादी जगाच्या मापाने बनते, तिच्याकडून डबक्याचा हिशेब मागायचा नाही. पण 'सतत घट' या निकषात अधिवासाचा दर्जा घसरणंही मोजलं जातं आणि ते दाखवायला दर वर्षी त्याच जागेवरून घेतलेलं माप लागतं. ते आमच्यासारख्यांशिवाय कोण घेणार? कड शाबूत की फुटलेली, खोली किती, मुरूम पडला का. हे तीन रकाने तेवढे दर वर्षी भरायचे. झुबके जमले तर.

२६ जानेवारी २०२५

ग्रामसभा. ही बैठक हातची गेली असती.

आम्ही नेलेल्या नकाशात पठाराभोवती जाड लाल रेघ होती. 'अभ्यासक्षेत्राची हद्द' एवढाच तिचा अर्थ. लोकांनी ती बघितली आणि सभा तापली. जमीन जाणार, गुरं बंद होणार, तारेचं कुंपण येणार. कासला कुंपण घातल्यावर चराईचं काय झालं हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. एक जण म्हणाले, "आमच्या गुरांनी आजवर फुलं खाऊन संपवली नाहीत, आता तुम्ही आलात तर संपतील." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण म्हशींनी वायतुऱ्याचं नुकसान होतं असं आमच्या वहीत कुठे दिसलेलंच नाही. मोठ्या डबक्यात म्हशी बसतात, वायतुरा बारीक डबक्यांत. उलट जिथे चराई थांबली आहे त्या कोपऱ्यातल्या दोन डबक्यांत गवत आत घुसलेलं दिसतं. दोन डबक्यांवरून निष्कर्ष काढणार नाही, पण चराईबंदीची मागणी आमच्या पानात नाही हे मी तिथेच सांगितलं.

ताईंनी बाजू सावरली. त्यांनी नकाशा उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने नुसते ठिपके काढले आणि विचारलं, "एवढ्या ठिपक्यांवर गाडी घालू नका नि मुरूम टाकू नका, हे तरी जमंल का?" हे जमण्यासारखं होतं. ठराव असा झाला की रस्तादुरुस्तीचा मुरूम ठिपक्यांपासून लांब, ठरलेल्या जागी टाकायचा आणि गाडीवाटेच्या कडेला दगड लावायचे.

नकाशा पुन्हा छापायला ४८० रुपये. या वेळी रेघ नाही.

कुणीतरी 'वारसा स्थळ' करा असंही सुचवलं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडाभोवतीची दोन हेक्टरच्या आसपासची जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली, एका छोट्या माशासाठी. म्हणजे जागा लहान असणं आड येत नाही. पण त्याला गावाची मनापासून संमती लागते आणि लाल रेघेच्या सभेनंतर लगेच तो विषय काढणं मला पटलं नाही.

१३ एप्रिल २०२५

कोरड्या डबक्यांची मोजणी. हे काम करण्यासारखं आहे असं आधी कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. आता म्हणेन, एकच फेरी परवडत असेल तर ती उन्हाळ्यात करा.

कारण पावसात खोली मोजली तर ती त्या दिवसाच्या पावसाची असते. कोरड्यात डबक्याची स्वतःची खोली मिळते. कडेचा सगळ्यात खालचा बिंदू, जिथून भरलेलं पाणी बाहेर पडतं, तो शोधायचा. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्यायची, तिचं एक टोक त्या बिंदूवर धरायचं आणि दुसरं डबक्याच्या मध्ये काठीला लावायचं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतं, तिथून तळापर्यंतचं अंतर ती खोली. नळी १२० रुपयांची. पाण्यात निळीचा थेंब टाका, नाहीतर उन्हात पातळी दिसत नाही. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर माप चुकतं. पहिली तीन मापं तशीच गेली.

सकाळी सहाला सुरू, दहाला बंद. त्यानंतर कातळावर टेकवत नाही.

दिसलं ते असं. वायतुऱ्याच्या डबक्यांची खोली वीतभर किंवा त्याहून कमी. तळाला जांभ्याची बारीक खडी, तिच्याखाली चार बोटं माती. नुसता कातळ असलेल्या खोलगटात वायतुरा नाही, मग पाणी कितीही साचो. गाळ भरलेल्यातही नाही. म्हणजे हा पाण्याइतकाच खडीवर जगतो, आणि उन्हाळ्यात कंद त्या चार बोटांत असतात. एप्रिलमध्ये त्यावर ट्रॅक्टर उभा केला तर बघणाऱ्याला वाटेल, मोकळी जागा तर होती.

आणि नेमकं तेच झालेलं. नवव्या डबक्यावर मुरमाचा ढीग. ठरावाच्या आधीचा की नंतरचा यावर गावात दोन मतं आहेत, मी त्यात पडलो नाही.

वनखात्याच्या हद्दीतली डबकी आज मोजली नाहीत. तिथे नुसतं टेप लावायलाही लेखी परवानगी हवी. हा अर्ज काम सुरू करण्याच्या आधी द्या, मध्येच नव्हे.

२५ मे २०२५

परवानगी आली, उरलेली डबकी या रविवारी मोजायची होती. पाऊस आधी आला. मेच्या मध्यापासूनच वळीव सुरू होता आणि आता तर मोसमी पाऊसच दारात. (दुसऱ्या दिवशी तो मुंबईत पोचला. इतक्या लवकर तिथे कधी आल्याची नोंद नाही.) डबकी तुडुंब. वनखात्याच्या भागाचं कोरडं माप आता पुढच्या उन्हाळ्यात.

इतरांसाठी : कोरडी मोजणी होळीनंतर सुरू करून अक्षय्य तृतीयेच्या आत संपवा. मेवर विसंबू नका.

२२ जून २०२५

लवकर आलेल्या पावसाने दुसरा घोटाळा केला. गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात होती तशी पानं या वर्षी आत्ताच आहेत, काही डबक्यांत तुरेही. तारखेला तारीख लावून तुलना केली तर यंदा वायतुरा वाढला असं निघेल. म्हणून तक्त्यात तारखेच्या शेजारी 'डबकं पहिल्यांदा भरल्याला किती दिवस' हा रकाना घातला. त्यासाठी पहिल्या पावसात कुणीतरी वर पाहिजे. आबांचा नातू गुरांमागे जातो, तो चार ठरलेल्या डबक्यांचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतो. त्याचा महिन्याचा रिचार्ज आम्ही भरतो.

अकराव्या डबक्याची फुटलेली कड. एका भल्या माणसाने घमेलंभर सिमेंट देऊ केलं. घेतलं नाही. इथली माती आम्लधर्मी आणि निकस, तीच या वनस्पतींची सवय. सिमेंटचा चुना त्या वीतभर पाण्यात उतरला तर सगळंच बदलेल. पहिल्यांदा नुसती चिकणमाती लिंपली, ती एका सरीत गेली. मग खाचेत जांभ्याचे तुकडे पाचरीसारखे ठोकले, फटींत शेजारच्याच वाटेवरच्या गवताच्या ढेपा मुळांसकट बसवल्या आणि वरून पाय देऊन दाबल्या. पाझरतं अजून, पण पाणी धरतं.

२० जुलै २०२५

दुसऱ्या वर्षाची मोजणी झाली. लाल फडक्यांमुळे तुडवलेलं सातवं सावरलं आहे, कंद शाबूत असावेत. अकराव्यात वायतुरा आहे, नर-मादी दोन्ही.

नववं मात्र नाही. मेच्या अखेरीस मुलांनी घमेल्यांनी मुरूम उपसला होता. मोठा निघाला, बारीक खडीत बसला. पाणी गढूळ राहतं आणि लवकर आटतं. गेंद आला आहे, गवत आलं आहे, वायतुऱ्याचं एक पानही नाही. शेजारच्या डबक्यातले कंद आणून लावू या, असं मुलांचं म्हणणं. मी अडवलं. एक तर त्याला परवानगी लागते. दुसरं, तळच बिघडलेला आहे, तिथे चांगल्या डबक्यातले कंद घालवण्यात अर्थ नाही. मुलांना ते पटलेलं नाही, त्यांचं मत वहीत त्यांच्या शब्दांत लिहिलं आहे. नवव्याचा नंबर नकाशावरून काढलेला नाही, समोर 'बुजलं, एप्रिल २०२५' असा शेरा आहे. घट दाखवायची तर गेलेलं डबकंही यादीत राहिलं पाहिजे.

खर्च : चौकट, टेप, नळी, भिंगं, पत्रा, दोनदा नकाशा छापणं मिळून तीन हजारांच्या आत. पेट्रोल त्याच्या कितीतरी पट, त्याचा हिशेब ठेवायचं पहिल्या महिन्यानंतर सोडून दिलं. गाडी भरून गेलात तरच परवडतं.

पान १५ ऑगस्टच्या सभेत वाचायला समितीकडे दिलं आहे. रोपांची संख्या त्यात नाही. ठिपक्यांचा नकाशा, प्रत्येक डबक्याची खोली, तळ, कड, जमीन कुणाची आणि भोवती काय चालतं एवढंच. वनखात्याच्या भागातली खोली कोरी आहे, ती पुढच्या मार्चमध्ये.